पेरींचा ‘मर्सनरीज १४५०–१५००’ संच: स्विस पाइक-पथकासाठी किती कामाचा?

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं युरोपी पायदळ छोट्या फिगर्सच्या (सैनिकांच्या बाहुल्यांच्या) रूपात युद्धखेळाच्या टेबलावर उतरवायचं म्हटलं की सगळं घोडं पाइकपाशी येऊन अडतं. पाइक म्हणजे ॲशच्या लाकडाचा, पाच मीटरच्या आसपास लांबीचा भाला. एकट्याच्या हातात तो नुसता अवजड. पण हजारो माणसं दाटीने रांगा धरून तो घेऊन चालू लागली की समोरच्या घोडदळाची डाळ शिजत नसे. स्विसांनी याच बळावर १४७६ साली ग्रँडसन आणि मोरा इथे बर्गंडीच्या चार्ल्स द बोल्डला धूळ चारली. ५ जानेवारी १४७७ रोजी नॅन्सीपाशी तो मारलाच गेला.

२८ मिमीची फिगर साधारण १:५६ प्रमाणात धरली, तर पाच मीटरचा भाला जवळपास ९० मिमीचा होतो. म्हणजे फिगरच्या उंचीच्या तिप्पट. हाताच्या अंतरावरून पथकाकडे पाहणाऱ्याला चेहरे आणि चिलखतं नंतर दिसतात. आधी दिसतं ते वर उठलेलं भाल्यांचं रान. ते विरळ, वाकडंतिकडं किंवा आखूड असेल तर खालचं रंगकाम कितीही सुरेख असो, पथक उठून दिसत नाही. म्हणून पेरी मिनिएचर्सचा ‘मर्सनरीज’ हा कडक प्लास्टिकचा संच इथे पाइक हीच मुख्य कसोटी धरून पारखला आहे.

निकाल आधीच सांगतो. शरीरं, डोकी, कपड्यांचा काळ आणि प्रमाणबद्धता यांत या पन्नास वर्षांच्या कालखंडासाठी यापेक्षा चांगली सुरुवात प्लास्टिकमध्ये सापडणं कठीण. पाइक मात्र तारेचेच करावेत. त्याला थोडी जास्त मेहनत लागते, पण ती टाळू नये.

संच कोणत्या काळाला चालतो

खोक्यात ४० फिगर्स होतात: पाइकवाले, क्रॉसबोवाले आणि बंदूकधारी. डोकी आणि हात वेगळे असल्यामुळे एकाच साच्यातली दोन शरीरं शेजारी उभी केली तरी पटकन ओळखू येत नाहीत. ॲलन आणि मायकेल पेरी यांच्या फिगर्स सडपातळ, खऱ्या माणसाच्या बांध्याच्या असतात. हाताचे पंजे आणि डोकी फुगवलेली नसतात. पाइक-पथकात याचा थेट फायदा होतो, कारण बारीक फिगर्स जवळजवळ बसवता येतात.

नावातली सालं गांभीर्याने घ्यावीत. बर्गंडीची युद्धं, १४९४ साली फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने इटलीवर केलेली स्वारी, ६ जुलै १४९५ ची फोर्नोव्होची लढाई आणि १४९९ चं स्वाबियन युद्ध एवढा पट्टा हा संच आरामात भरून काढतो. फोर्नोव्होसाठी तर तो फार सोयीचा आहे. चार्ल्सच्या पदरी स्विस पाइकवाले होते, त्यामुळे एक-दोन खोक्यांत फ्रेंच पायदळाचा कणा उभा राहतो. सोबत पेरींचाच ‘माउंटेड मेन ॲट आर्म्स १४५०–१५००’ हा घोडेस्वारांचा संच घेतला की फ्रेंच जेंडार्म, म्हणजे चिलखती घोडेस्वार, हेही झाले. प्रमाण एकच असल्याने दोन्ही संचांतली डोकी एकमेकांत बिनधास्त अदलाबदल करता येतात.

१५२५ च्या पावियासाठी मात्र हे खोकं घेऊ नये. तोवर लांड्सक्नेख्टांचा, म्हणजे जर्मन भाडोत्री पायदळाचा, पोशाख पार बदलला होता: चिरा पाडलेल्या फुगीर बाह्या, आतून ओढून काढलेलं अस्तर, पसरट टोप्या, शहामृगाची पिसं, ‘एस’ आकाराच्या मुठीची आखूड काट्झबाल्गर तलवार. या संचातली घट्ट विजार आणि आखूड जाकीट घातलेली माणसं त्या गर्दीत एक पिढी मागची वाटतात. ग्रीन स्टफ या पुट्टीने चिरा आणि पिसं चढवणं शक्य आहे, पण चाळीस फिगर्सवर ते करण्यापेक्षा त्या काळाच्या वेगळ्या फिगर्स घेणं शहाणपणाचं. १५०३ च्या चेरिन्योलापर्यंत हा संच ओढूनताणून चालतो. समोरच्या रांगेत थोड्या धातूच्या, नव्या पोशाखातल्या फिगर्स घातल्या की मागच्या रांगा खपून जातात.

पाइक: प्लास्टिक का नको आणि तार कशी बसवावी

पॉलिस्टायरीन हे चेहरे आणि घड्या टिपायला उत्तम, पण एक मिमीच्या आसपास जाडीच्या आणि फिगरच्या तिप्पट लांबीच्या दांड्यासाठी ते मुळातच कमजोर आहे. स्प्रूमधून (तुकडे जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीतून) कापताना ताण येऊन दांडा कमानीसारखा वाकतो, दोन्ही बाजूंच्या मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाच्या रेघा) खरवडताना बारीक होत जातो, आणि पथक उचलताना नेमका पंजाच्या वरच्या कडेला तुटतो, कारण सगळा जोर तिथेच एकवटतो. हे कुठल्याही कंपनीच्या प्लास्टिक पाइकला लागू आहे. ज्यांची फौज टेबलापेक्षा कपाटातच जास्त असते त्यांनी प्लास्टिक ठेवायला हरकत नाही. नियमित खेळणाऱ्याने तार वापरावी.

०.८ मिमी व्यासाची तार योग्य. खरा दांडा साडेतीन-चार सेंटीमीटर जाड धरला तर प्रमाणात तो ०.७ मिमीच्या आसपास येतो, त्यामुळे ०.८ डोळ्याला बरोबर वाटते. १ मिमीची तार मजबूत खरी, पण २८ मिमी फिगरचा पंजा जेमतेम अडीच-तीन मिमी रुंद असतो. १ मिमीचं भोक पाडल्यावर दोन्ही बाजूंना इतकं कमी प्लास्टिक उरतं की ड्रिल किंचित तिरकं गेलं तरी बोटं फुटतात.

पोलाद घ्यावं की पितळ? पोलादी तार सरळ राहते आणि धक्का लागला तरी परत जागेवर येते. पितळ सहज वाकतं, पण बोटाने सरळही होतं. ते गंजत नाही आणि कानशीने चटकन घासलं जातं. पहिलंच पथक करणाऱ्याला पितळ सोपं जाईल. पोलाद घेतलंच तर दोन गोष्टी पाळाव्यात. ते कापायला जाड तारेची पक्कड वेगळी ठेवावी, नाहीतर प्लास्टिकच्या नाजूक कटरच्या धारेला कायमची खाच पडते. आणि कापताना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे, कारण तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो.

तुकडे ९५ मिमीचे कापावेत. एका टोकाचे ३-४ मिमी ऐरणीवर किंवा जुन्या पकडीच्या सपाट पाठीवर ठेवून हातोडीचे दोन-तीन ठोके द्यावेत, म्हणजे टोक चपटं होतं. मग कानशीने दोन्ही कडा घासून पानाचा आकार द्यायचा. पाइकचं पातं लहान असतं. हौसेने मोठं केलं की पाइकचा साधा भाला होतो. टोक अगदी अणकुचीदार ठेवू नये, जरा बोथटच असावं. चोवीस पोलादी टोकांच्या पथकावर अंधारात हात पडला की त्यामागचं कारण कुणालाही समजतं.

हाताचा तुकडा आणि पाइक जिथे एकसंध असतील तिथे पंजाच्या वर आणि खाली दांडा सपाट कापून घ्यावा. कापलेल्या गोलाच्या मध्यात सुरीच्या टोकाने खूण टोचायची. ही खूण नसेल तर ड्रिलचं पातं घसरतंच. आधी ०.५ मिमीचं भोक आरपार, मग ०.८ किंवा ०.९ चं. पिन व्हाइस, म्हणजे छोटं हातड्रिल, हातानेच फिरवावं. विजेवरच्या ड्रिलच्या उष्णतेने प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. हे सगळं हात अंगाला चिकटवण्यापूर्वी करायचं.

जोडण्याचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. दोन्ही हात आधी पक्के चिकटवले आणि मग तार ओवायला गेलं, तर दोन भोकं एका रेषेत येत नाहीत आणि तार वाकते. त्याऐवजी खालचा हात प्लास्टिक सिमेंटने लावावा, तार त्यातून ओवावी, वरचा हात तारेवर सरकवून खांद्याला सिमेंटने टेकवावा. सिमेंट पाच-एक मिनिटं मऊ असतं. तेवढ्या वेळात तार सरळ करून दोन्ही हात तिच्या हिशेबाने बसू द्यायचे. सांधे घट्ट झाल्यावरच पंजांच्या भोकांत पातळ सुपरग्लूचा एक-एक थेंब सोडायचा. प्लास्टिक सिमेंट धातूला धरत नाही, ते फक्त पॉलिस्टायरीन वितळवून एकजीव करतं; म्हणून तारेसाठी सुपरग्लू लागतोच. पाइकचं खालचं टोक बेसला (फिगरच्या पायाखालच्या पाटीला) टेकत असेल तर तिथेही एक थेंब द्यावा. तीन ठिकाणी धरलेली तार सहसा सुटत नाही.

पाइक रंगकामाआधीच बसवावेत हे आमचं ठाम मत आहे. सुपरग्लूची वाफ रंगवलेल्या पंजावर पांढरा थर धरते आणि तो पुसून जात नाही.

बाकीची जुळणी

यात नवीन काही नाही, तरी तीन जागा सांभाळाव्यात. स्प्रू कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब टाकून धुवावी, म्हणजे साच्याचं तेल निघून जातं. तुकडा स्प्रूपासून मिलीमीटरभर लांब कापून उरलेलं खुंट सुरीने काढावं; चिकटून कापलं की खळगा पडतो. मोल्ड लाइन सुरीच्या पाठीने खरवडाव्यात, विशेषतः विजारीच्या मांडीवरून जाणारी आणि सॅलेट शिरस्त्राणाच्या माथ्यावरची. पुढे या दोन जागांवर वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) पडला की राहिलेली रेघ काळ्या धाग्यासारखी उठून दिसते. पातळ सिमेंट ब्रशने सांध्याच्या कडेला लावलं की ते आपोआप आत ओढलं जातं. बोट मात्र सांध्यापासून दूर ठेवायचं, नाहीतर सिमेंट बोटाखाली पसरतं आणि अंगठ्याचा ठसा सैनिकाच्या पाठीवर कायमचा उमटतो.

रांगा आणि बेस

एका खोक्यातून एक नेटकं पथक आणि त्याच्यापुढे पसरायला थोडे क्रॉसबो व बंदूकवाले असा हिशेब बसतो. २४ पाइकवाल्यांचं पथक सहा जणांच्या चार रांगांत लावावं. ६० × ४० मिमीचे चार बेस घ्यायचे, प्रत्येकावर तीन-तीनच्या दोन रांगा. दोन बेस शेजारी, दोन मागे. मिळून १२० मिमी रुंद आणि ८० मिमी खोल असं पथक होतं. ६० मिमी दर्शनी रुंदी २५-२८ मिमीच्या बऱ्याच नियमांत चालते, त्यामुळे नियम बदलले तरी बेस उखडावे लागत नाहीत.

प्रत्येक फिगरला २० मिमी जागा ही सोयीची, पण स्विसांची दाटी त्याहून जास्त होती. ६० × ६० मिमीच्या बेसवर तीनच्या चार रांगा, म्हणजे बारा फिगर्स, बसवल्या तर रूप विलक्षण खुलतं. मात्र एका रांगेला १५ मिमी खोलीच मिळते, म्हणून मागची रांग पुढच्या रांगेतल्या फटींत यावी लागते. चिकटवण्याआधी सगळे सैनिक ब्लू-टॅक या चिकट लगद्यावर उभे करून कुणाची कोपरं कुणाच्या पाठीत रुततात ते पाहून घ्यावं. ज्यांचे हात पसरलेले आहेत ते कडेला आणि ज्यांचे अंगाशी आहेत ते आत, असं केलं की बहुतेक अडचणी सुटतात.

पहिल्या रांगेचे पाइक आडवे धरायचा मोह सगळ्यांना होतो. चित्रात ते झकास दिसतं, टेबलावर जमत नाही. आडवा पाइक बेसच्या कडेपलीकडे पाच-सहा सेंटीमीटर जातो. शत्रूचा बेस टेकवता येत नाही, आणि खोक्यात ठेवताना पहिल्यांदा तोच तुटतो. पहिली रांग ४५ अंशांत पुढे झुकवावी. त्या कोनात पाइक समोरच्या फिगरच्या डोक्यावरून जातो, बेस बेसला भिडतो आणि दोन पथकं एकमेकांत घुसल्यासारखी दिसतात. दुसरी रांग ६०-७० अंशांत आणि मागच्या दोन सरळ उभ्या. सगळे पाइक एकाच कोनात काटेकोर ठेवू नयेत; पाच-सात अंशांचा फरक पथकाला जिवंत करतो.

झेंड्याभोवती थोडे हॅलबर्डवाले (लांब दांड्याची कुऱ्हाड घेतलेले सैनिक) ठेवावेत. स्विस पथकात झेंडे मधोमध असत आणि त्यांच्या रक्षणाला हॅलबर्ड. दुसऱ्या रांगेत मध्यावर झेंडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक हॅलबर्ड एवढ्यानेही फरक पडतो.

बेस २ मिमीच्या एमडीएफचे असतील तर वाळू लावताना फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद एकाच बाजूला ओला लागून ते वाळल्यावर वाकतात. खालच्या बाजूलाही पातळ गोंदाचा हात द्यावा किंवा सरळ ३ मिमीचे बेस घ्यावेत.

रंग

या फौजेला गणवेश नव्हता, ही रंगवणाऱ्याच्या दृष्टीने संधीही आहे आणि सापळाही. प्रत्येकाला वेगळे रंग दिले की पथक रांगोळीच्या डब्यासारखं दिसू लागतं. उपाय सोपा आहे: कापडाचे सहा रंग ठरवायचे आणि त्यांच्या बाहेर जायचं नाही. त्या काळच्या रंगाऱ्यांकडे मंजिष्ठाच्या जातीच्या मॅडरचा लाल, वोडचा निळा, वेल्डचा पिवळा, निळ्यावर पिवळा चढवून केलेला हिरवा, आणि न रंगवलेल्या लोकरीचे करडे-तपकिरी होते. तेच सहा पुरेत: विटकरी लाल, मध्यम निळा, गेरूकडे झुकणारा पिवळा, मंद हिरवा, करडा, मळका पांढरा. गडद काळं कापड महाग असे, ते अधिकाऱ्यासाठी राखावं. यातला लाल प्रत्येक सैनिकावर कुठे ना कुठे यावा. एकाचं जाकीट, दुसऱ्याची अर्धी विजार, तिसऱ्याची टोपी. पथक बांधून ठेवतो तो हा लाल.

व्हॅलेहो कंपनीच्या मॉडेल कलर रंगांमध्ये लालसाठी ७०.८५९ ब्लॅक रेड खाली, त्यावर घड्यांच्या खोबणी सोडून ७०.९५७ फ्लॅट रेड. उठावासाठी त्यात थोडा नारिंगी मिसळावा. पांढरा घातला तर लाल गुलाबी होतो. पिवळ्याचं रंगद्रव्य पारदर्शक असतं, गडद प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) तो चार थरांतही झाकत नाही आणि चट्टे पडतात. म्हणून आधी ७०.९१३ यलो ऑकर सपाट, मग उंचवट्यांवर ७०.९१५ डीप यलो. पांढऱ्या कापडाला शुद्ध पांढरा शेवटच्या कडांपुरताच ठेवावा. खाली फिकट करडा आणि त्यावर ७०.९१८ आयव्हरी.

स्विसांची खूण होती पांढरा क्रॉस. कापडाच्या अरुंद पट्ट्या शिवलेला हा क्रॉस लांब आणि बारीक असावा. आजच्या राष्ट्रध्वजावरचा जाडजूड क्रॉस छातीवर रंगवू नये. मधली उभी रेघ आयव्हरीने पातळ दोन हातांत, मग आडवी, आणि शेवटी जाकिटाचाच रंग घेऊन दोन्ही बाजूंनी कडा आत ढकलत क्रॉस बारीक करायचा. ब्रश कितीही बारीक असला तरी सुबक रेघ अशी कापूनच येते. सगळ्यांच्या छातीवर क्रॉस नको. कुणाच्या मांडीवर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या बाहीवर.

दोन पाय दोन रंगांचे असलेली विजार या काळाची शान. ती रंगवताना दोन्ही पायांना आधी फिकट रंग द्यावा, मग एकावर गडद. जिथे दोन रंग मिळतात त्या जांघेतल्या शिवणीवर पातळ केलेल्या गडद तपकिरीची रेघ ओढली की दोन्ही बाजूंची चूक झाकली जाते. दर चौथ्या-पाचव्या सैनिकाला अशी विजार दिली की पुरे. सगळ्यांना दिली तर डोळा थकतो.

बर्गंडीचं पथक करायचं असेल तर काम वेगळं आणि खरं तर सोपं. चार्ल्स द बोल्डच्या ऑर्डोनन्स (कायम पगारी) कंपन्यांच्या पायदळाचं जाकीट अर्धं पांढरं, अर्धं निळं, आणि त्यावर सेंट अँड्र्यूचा तिरका लाल क्रॉस. आधी निळा, मग पांढऱ्या अर्ध्याला आयव्हरी, आणि सगळ्यात शेवटी लाल. लालाखाली दोन्ही रंग असल्यामुळे निळ्या भागावर तो मळका दिसतो. तिथे आधी फिकट गुलाबी पट्टा मारून घेतला तर दोन्हीकडे सारखा उठतो.

वेळ कमी असणाऱ्यांसाठी सिटाडेलचे २०१९ साली आलेले कॉन्ट्रास्ट रंग या संचावर चांगले बसतात, पण अर्धेच. विजारीच्या आणि जाकिटाच्या घड्यांत रंग आपोआप गडद होतो आणि उंचवट्यावर फिकट राहतो. छातीच्या चिलखतावर किंवा पाव्हिस ढालीसारख्या सपाट जागेवर मात्र तोच रंग डबक्यासारखा साचून वाळतो. जिथे साचेल तिथला जास्तीचा रंग ओलसर ब्रशने लगेच शोषून घ्यावा. अर्धवट वाळल्यावर हात लावला की साल निघते. आर्मी पेंटरच्या स्पीडपेंटची पहिली आवृत्ती वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटत असे, आणि वरून दिलेला पांढरा क्रॉस खालच्या लालाने गुलाबी होत असे. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण दूर झाली. जुन्या बाटल्या कुणाकडे असतील तर स्पीडपेंटनंतर वार्निशचा एक थर देऊन मगच क्रॉस काढावा.

पोलाद: काळ्यावर गनमेटल, मग सिटाडेलच्या ‘नल्न ऑइल’ या काळ्या रंगाचा वॉश, तो पूर्ण वाळल्यावर कडांना उजळ चंदेरी. सॅलेटच्या माथ्यावर एकच लहान उजळ ठिपका. पाइकच्या दांड्याला मात्र चॉकलेटी रंग देऊ नये. ॲशचं लाकूड फिकट असतं, ७०.८७६ ब्राउन सँड आणि वरून पातळ तपकिरी वॉश पुरेसा होतो. भाल्यांचं रान फिकट राहिलं की खालचे रंग खुलतात.

तारेवरून रंग सोलून निघणं ही नेहमीची तक्रार. तार बसवण्याआधी तिच्यावरून ४०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि फिगरसकट स्प्रे प्रायमर मारावा. ब्रशने लावलेला पाण्याचा प्रायमर गुळगुळीत पोलादावर नीट धरत नाही, शिवाय खाली गंजही येऊ शकतो. प्रायमर दोन बाजूंनी, खालून आणि वरून, २५-३० सेंटीमीटरवरून हलके झोत देत मारायचा. उभ्या पाइकच्या खालच्या बाजूला हमखास राहून जातं.

आठ-आठच्या तुकड्यांत रंगवावं. चाळीस एकदम घेतले की एकेक रंग संपवायलाच कित्येक बैठका लागतात आणि शेवटच्या दहांचे चेहरे घाईत उरकले जातात. चौथ्या रांगेच्या फिगर्सचे पाय कुणी पाहत नाही. तिथे सपाट रंग आणि वॉश एवढंच पुरे. वाचलेला वेळ पहिल्या रांगेच्या चेहऱ्यांना आणि झेंड्याला द्यावा. फिगर्स बेसवर चिकटवण्याआधीच पूर्ण रंगवून घ्याव्यात, कारण एकदा चार रांगा लागल्या की आत ब्रश शिरत नाही.

झेंड्यांत बर्न या स्विस प्रांताचा उत्तम: लाल पार्श्वभूमी, तिरका पिवळा पट्टा, त्यावरून चढणारं काळं अस्वल. उरीचा पिवळ्यावर काळं बैलाचं डोकं. हातावर विश्वास नसेल तर श्वित्सचा जवळजवळ कोरा लाल झेंडा घ्यावा, तो लांबूनही पथक दाखवतो. कागदी झेंडा वापरत असाल तर दोन्ही अर्ध्यांना पांढरा गोंद लावून तारेभोवती दुमडावा आणि गोंद ओला असतानाच बोटांनी लाटा पाडाव्यात. वाळल्यावर पाडायला गेलं की कागदाला पांढऱ्या चिरा पडतात. कडेला दिसणारा कागदाचा पांढरा काठ झेंड्याच्याच रंगाने झाकायला विसरू नये.

शेवटचा हात मॅट वार्निशचा. हवेत दमटपणा जास्त असताना स्प्रे वार्निश मारलं तर पृष्ठभागावर दुधी धुकं बसतं. ते आलंच तर घाबरून खरवडू नये. ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ थर द्यावा, बहुतेक धुकं त्यात विरघळतं, मग कोरड्या हवेत पुन्हा मॅट.

बेसखाली चुंबकी शीट लावून पथक पत्र्याच्या तळाच्या खोक्यात ठेवायचं, तर खोक्याची आतली उंची ११० मिमीच्या खाली नसावी. नेहमीच्या फिगर्ससाठी मिळणारे फोमचे ट्रे इथे उपयोगाचे नाहीत. आणि पथक उचलताना पाइकला नाही, बेसच्या दोन कडांना धरून उचलायचं. पाहुण्या खेळाडूला हे आधीच सांगून ठेवावं.

दुसरं खोकं घ्यावं का? एकाच पथकावर थांबायचं असेल तर एक पुरतं. स्विसांची फौज आघाडी, मुख्य आणि पिछाडी अशा तीन जमावांत चालत असे, आणि हे टेबलावर दाखवायचं तर दोन खोक्यांत ते बसतं: मोठं मधलं पथक ३६ चं, आघाडीचं आणि पिछाडीचं १२-१२ चं, उरलेले वीस क्रॉसबो व बंदूक घेऊन पुढे विखुरलेले. पाइकच्या हातांचे तुकडे कमी पडले तर हॅलबर्ड आणि क्रॉसबोच्या मोकळ्या मुठी ड्रिल करून त्यांतून तार ओवता येते.

कमांडसाठी मात्र पेरींच्याच धातूच्या फिगर्समधून ढोलवाला, झेंडेवाला आणि कप्तान घ्यावेत. बांधा तोच असल्याने त्या प्लास्टिकमध्ये बेमालूम मिसळतात, आणि धातूचं वजन पहिल्या रांगेत आलं की उंच पाइकांमुळे डगमगणारा बेस टेबलावर घट्ट बसतो.